मातीविना पालेभाजी : कोणती पद्धत निवडावी?

बुलढाणा जिल्ह्यातील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात जमीन खारवट असल्यामुळे घराच्या पडवीत वा खोलीत मातीविना पालेभाज्या घेण्याची कल्पना आकर्षक वाटते. पुदिना, मेथी, शेपू व नीरब्राह्मी या औषधी गुणांच्या वनस्पती त्यासाठी योग्यही आहेत. परंतु माती टाळली तरी पाणी टळत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

माती पिकास आधार, पाणी, हवा व अन्न पुरविते. हे चारही अन्य मार्गाने पुरविता आल्यास मातीवाचून पीक येते. आपल्या देशात जेम्स शोल्टो डग्लस यांनी १९४६ च्या सुमारास कालिंपाँग येथे वाळू व खडी वापरून केलेले प्रयोग ‘बंगाल पद्धत’ म्हणून ओळखले जातात. आज प्रामुख्याने तीन पद्धती प्रचारात आहेत.

१. माध्यम पद्धत : तळाशी छिद्रे असलेल्या पेटीत धुतलेली वाळू किंवा नारळाचा भुसा भरून त्यावर पोषक द्रावण घालतात. विजेची गरज नसते. मेथी, शेपू यांचे बी थेट पेरता येते.

२. स्थिर पाण्याची पद्धत : झाकलेल्या टाकीत द्रावण भरून झाकणाच्या छिद्रांत रोपे बसवितात. पाणी उतरेल तसा मुळांना हवेसाठी अवकाश मिळतो. म्हणून टाकी पुन्हा काठोकाठ भरू नये. पुदिना व नीरब्राह्मी यांची छाटे यात उत्तम रुजतात. मात्र उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो व मुळे कुजतात.

३. वाहत्या पाण्याची पद्धत : उतरत्या नळ्यांतून द्रावणाचा पातळ थर पंपाने सतत फिरवितात. वाढ जलद होते. परंतु वीज गेल्यास उन्हाळ्यात काही तासांतच रोपे माना टाकतात. खर्चही सर्वांत अधिक येतो.

आता खाऱ्या पाण्याचा विचार करू. पालेभाज्यांच्या द्रावणाची विद्युतवाहकता साधारणतः १.२ ते २ डेसीसायमन प्रति मीटर व सामू ५.५ ते ६.५ असावा. विहिरीच्या पाण्याचीच वाहकता २ असेल, तर अन्न मिसळण्यापूर्वीच मर्यादा संपते. शिवाय पीक पाणी शोषते, पण सोडियम बहुतांशी मागेच राहते. १० लिटर खारे पाणी संपल्यावर तेच पाणी आणखी १० लिटर घातले, तर टाकीतील मीठ जवळजवळ दुप्पट होते. माध्यम पद्धतीत थोडे जादा द्रावण देऊन साचलेले क्षार तळातून निचरून काढता येतात. इतर दोन पद्धतींत संपूर्ण द्रावण बदलावे लागते.

यावर सुलभ उपाय पावसाच्या पाण्याचा होय. २० चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडल्यास १०,००० लिटर पाणी मिळते. गळती व नासाडी वजा जाता सुमारे ८,००० लिटर साठविता येईल.

आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. कॅल्शियम नायट्रेटचे तीव्र द्रावण फॉस्फेट व सल्फेटयुक्त खतांच्या तीव्र द्रावणात मिसळू नये. साका बसून अन्न वाया जाते. दोन्ही वेगळी ठेवून भरपूर पाण्यात एकामागून एक मिसळावीत. दुसरे असे की, अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या पालेभाजीत नायट्रेट साचते. म्हणून खिडकीजवळची उजेडाची जागा निवडावी. नसल्यास रोज १२ ते १४ तास दिव्यांचा प्रकाश द्यावा. औषधासाठी पिकविलेली भाजीच अपायकारक ठरू नये.

सारांश, खारपाणपट्ट्यात व जेथे विजेचा भरवसा नाही तेथे माध्यम पद्धतच श्रेयस्कर होय. पाणी गोडे असल्यास पुदिन्यासाठी स्थिर पाण्याची टाकी ठेवावी. वीज अखंड व बाजारपेठ जवळ असेल तेव्हाच वाहत्या पाण्याचा खर्च करावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास पेटी घेण्यास सांगण्यापूर्वी त्याच्या विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. पाणी तपासून एका पेटीने आरंभ करणारा शेतकरी फसत नाही.