काटकोनाचा हिशेब : मायटर सॉ निवडताना काय पाहावे?

वेरूळच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात शिरले की नजर आपोआप छताकडे जाते. कमानदार छताला ओळीने फासळ्या आहेत, जणू लाकडी घराचे वासेच. प्रत्यक्षात त्या अखंड कातळात कोरलेल्या आहेत. सातव्या शतकाच्या सुमारास खोदलेले हे बौद्ध चैत्यगृह 'विश्वकर्मा लेणे' किंवा 'सुतार की झोपडी' या नावाने ओळखले जाते. एके काळी सुतार मंडळी येथील बुद्धमूर्तीला आपल्या व्यवसायाचे दैवत विश्वकर्मा मानून तिची पूजा करीत. दगडातल्या या फासळ्यांवर छताचा भार नाही. तरीही त्या कोरल्या गेल्या, कारण त्याआधीची कित्येक शतके घरे आणि विहार लाकडात बांधले जात होते आणि शिल्पकाराच्या डोळ्यांसमोर सुताराचेच काम होते. कार्ल्याच्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चैत्यगृहात तर मूळच्या लाकडी फासळ्या आजही पाहता येतात.

वेरूळपासून तीसेक किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर शहरात आज घरोघरी सुतारकाम सुरू असते. दारांच्या चौकटी, त्यांभोवतीच्या शोभेच्या पट्ट्या, स्कर्टिंग, कपाटे, तसबिरींच्या चौकटी अशी कामाची यादी मोठी आहे. मात्र या कामांकडे बारकाईने पाहिले तर एक उणीव वारंवार दिसते. दोन पट्ट्या जेथे तिरक्या जुळतात, त्या कोपऱ्यात फट असते. ती फेविकॉल आणि भुशाने किंवा लांबीने बुजवली जाते, वरून पॉलिश चढते आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर ती पुन्हा डोके वर काढते. दोष बहुधा लाकडाला दिला जातो, पण पुष्कळदा तो कापात असतो. म्हणूनच अनेक कारागीर आणि काही हौशी गृहस्थही आता विजेवर चालणारा 'मायटर सॉ' घेण्याचा विचार करतात. हे यंत्र निवडताना नेमके काय पाहावे, हे समजून घेणे त्यामुळे उपयोगाचे ठरते.

अर्ध्या अंशाची किंमत

मायटर सॉ म्हणजे फिरत्या पायावर बसवलेली गोल पात्याची करवत. लाकूड मागच्या उभ्या आधाराला टेकवून स्थिर ठेवायचे आणि पाते वरून खाली आणायचे, एवढेच तिचे तत्त्व आहे. पाया डावी-उजवीकडे फिरवला की काप तिरका होतो. पाते एका बाजूला कलते केले की लाकडाच्या जाडीतही तिरका काप घेता येतो.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. चौकटीला चार कोपरे असतात आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन, म्हणजे एकूण आठ तिरके काप येतात. यंत्र ४५ अंशांऐवजी ४४.५ अंशांवर कापत असेल, तर आठ कापांत मिळून ४ अंशांची चूक जमा होते. तीन कोपरे दाबून जुळवले की ती सारी चौथ्या कोपऱ्यात उघडी पडते. ७५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत एका कोपऱ्याचे दोन्ही काप प्रत्येकी अर्ध्या अंशाने चुकले, तर सुमारे १.९ मिलिमीटरची फट पडते. एवढी फट दाराजवळून जाणाऱ्या कोणाच्याही नजरेस येते. सरळ कापाचेही असेच आहे. ३०० मिलिमीटर रुंदीच्या फळीत एक दशांश अंशाची चूक टोकाला अर्धा मिलिमीटर होते. तेव्हा यंत्रावरच्या पट्टीतील आकड्यांवर विसंबून चालत नाही, काप तपासावाच लागतो.

यंत्र कोणते घ्यावे?

बाजारात प्रथम एक घोटाळा टाळायला हवा. 'चॉप सॉ' म्हणून मागणी केल्यास पुष्कळदा लोखंड कापण्याचे, घासून कापणाऱ्या चकतीचे १४ इंची यंत्र पुढे केले जाते. ते लाकडासाठी नाही आणि त्यावर लाकडाचे दातेरी पाते बसवणे धोक्याचे आहे.

लाकडाच्या यंत्रांत पात्याचे साधारण तीन आकार आढळतात : सुमारे २१६ मिलिमीटर (साडेआठ इंच), २५५ मिलिमीटर (१० इंच) आणि ३०५ मिलिमीटर (१२ इंच). स्कर्टिंग, तसबिरीच्या पट्ट्या आणि चौकटीभोवतीच्या पट्ट्या यांना लहान आकार पुरतो. दाराच्या चौकटीचे जाड सागवान कापायचे असेल तर १० इंची यंत्र सोयीचे. पाते मोठे असले म्हणजे काप अधिक अचूक येतो, असे मात्र नाही. मोठे पाते अधिक थरथरते आणि त्याची किंमतही अधिक असते.

दुसरा प्रश्न 'स्लाइडिंग' यंत्राचा. साध्या यंत्रात पाते फक्त खाली येते, त्यामुळे रुंद फळी एका कापात कापली जात नाही. स्लाइडिंग यंत्रात पात्याचे डोके दांड्यांवर पुढे-मागे सरकते आणि लहान पात्यानेही ३०० मिलिमीटरच्या आसपास रुंदी कापता येते. कपाटाच्या फळ्या कापणाऱ्याला याचा उपयोग आहे. पण जेथे सरकणारा भाग आला तेथे हलण्याची शक्यताही आली. खरेदी करताना डोके पूर्ण पुढे ओढून ते डावी-उजवीकडे हलवून पाहावे. हाताला खडखड जाणवली, तर तीच पुढे कापात उतरेल.

पाते एकाच बाजूला कलते की दोन्ही, हाही फरक किमतीत दिसतो. ज्याचे काम मुख्यतः सपाट पट्ट्यांचे आहे, त्याला एका बाजूची सोय पुरेशी आहे. लेझरच्या लाल रेषेला भुलू नये. ती रेषा स्वतःच सरकलेली असू शकते. त्यापेक्षा पात्याची सावली लाकडावर पाडणारा दिवा भरवशाचा, कारण सावली पात्याच्या खऱ्या कडेचीच पडते.

विजेचाही विचार हवा. १८०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर जवळपास ८ अँपिअर वीज ओढते. ते घरातील साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवू नये, १६ अँपिअरचे सॉकेट वापरावे. लांब आणि बारीक तारेमुळे दाब घटतो, मोटार तापते आणि मंद फिरणारे पाते लाकूड कापण्याऐवजी फाडू लागते.

खरे काम पात्याचे

मध्यम किमतीचे यंत्र आणि उत्तम पाते ही जोडी, महाग यंत्र आणि बोथट पाते या जोडीपेक्षा केव्हाही सरस. यंत्राबरोबर येणारे पाते पुष्कळदा कमी दातांचे, भरभर कापण्यासाठी दिलेले असते. १० इंची पात्याला ४० दात असतील तर ते लांबी तोडण्याच्या साध्या कामाचे, ६० दात सर्वसाधारण कामाचे, तर ८० किंवा अधिक दात दिसणाऱ्या सांध्यांसाठी योग्य. दातांचा पुढचा झुकावही पाहावा. फार पुढे झुकलेले दात लाकूड ओढून घेतात. सरकत्या यंत्रासाठी उणे ५ ते अधिक ७ अंशांच्या दरम्यान झुकाव असलेले पाते सुरक्षित समजले जाते.

दातांचे माथे आळीपाळीने डावी-उजवीकडे उतरते घासलेले असतील, तर ते पाते लाकूड आणि प्लायवूडचे तंतू स्वच्छ छेदते. सनमाईका आणि ॲल्युमिनियमसाठी वेगळ्या घडणीचे दात असतात, ते पाते निराळे ठेवावे. मधल्या भोकाचा व्यास (२५.४ किंवा ३० मिलिमीटर) यंत्राशी जुळतो का आणि पात्यावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा अधिक आहे का, हे पाहिल्याशिवाय पाते घेऊ नये.

सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. काप करपट दिसू लागला किंवा पाते रेटावे लागले, की धार लावण्याची वेळ झाली असे समजावे. टंगस्टन कार्बाइडच्या दातांवर कानस चालत नाही, त्यासाठी हिऱ्याच्या चाकावर धार लावणारा कारागीर गाठावा लागतो.

साधी पण मोलाची जोड

जोडसाहित्यात पहिला मान गुण्याचा. तो खरा आहे का, हे आधी पाहावे : सरळ कडेला टेकवून रेघ ओढावी, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा ओढावी. दोन्ही रेघा एक झाल्या तर गुण्या खरा.

त्यानंतर यंत्राची परीक्षा. सरळ फळी उभ्या आधाराला टेकवून कापावी, एक तुकडा उलथा करावा आणि दोन्ही कापलेल्या कडा आधाराला टेकवूनच जुळवाव्यात. फट दिसली तर यंत्राची खरी चूक तिच्या निम्मी असते. ही चाचणी चूक दुप्पट करून दाखवते, म्हणूनच ती उपयोगी. चूक आढळल्यास आधाराचे स्क्रू सैल करून तो गुण्याने पुन्हा लावावा.

समान लांबीचे तुकडे कापताना प्रत्येक वेळी टेप लावू नये. आधाराला एक ठोकळा शिकंज्याने घट्ट बसवावा आणि लाकूड त्याला टेकवून कापावे. चौकटीच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या नसतील, तर कोन कितीही अचूक असले तरी कोपरे जुळत नाहीत. लांब पट्टीला दोन्ही बाजूंनी यंत्राच्या पातळीचा आधार हवा, नाहीतर टोक खाली झुकते आणि काप तिरपा जातो. लोखंडी आधारापुढे लाकडाची सरळ पट्टी बसवून तिच्यातून एकदा पाते फिरवले, की मागच्या बाजूने कपच्या उडणे कमी होते. पाते स्वतः अडीच ते तीन मिलिमीटर लाकूड खाते, म्हणून ते नेहमी रेघेच्या टाकाऊ बाजूला ठेवावे.

भिंत काटकोनात नसेल तर

जुन्या वाड्यांतच काय, नव्या सदनिकांतही भिंतींचे कोपरे नेमके ९० अंशांचे क्वचितच असतात. अशा वेळी स्कर्टिंग ४५ अंशांवर कापून जुळत नाही. कोनमापकाने प्रत्यक्ष कोन मोजावा. समजा तो ९२ अंश भरला. त्याचा निम्मा ४६ होतो, पण यंत्र ४६ वर लावले तर फट वाढेल. यंत्राच्या पट्टीवर शून्य म्हणजे सरळ आडवा काप असतो. म्हणून मोजलेला कोन १८० मधून वजा करून उरलेल्याचा निम्मा घ्यावा : १८० वजा ९२ म्हणजे ८८, त्याचा निम्मा ४४. यंत्र ४४ वर लावायचे. समान बाजूंच्या बहुकोनी चौकटीसाठी १८० ला बाजूंच्या संख्येने भागावे. षट्कोनाला ३० आणि अष्टकोनाला २२.५ अंश येतात.

लाकडाचा स्वभावही ध्यानात घ्यावा. ते लांबीत फारसे बदलत नाही, रुंदीत मात्र आकसते आणि फुगते. मराठवाड्यात कोरड्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पाठोपाठ दमट पावसाळा येतो. लाकूड आकसले की तिरका सांधा आतल्या बाजूला उघडतो, फुगले की बाहेरच्या बाजूला. तेव्हा ओल्या लाकडावर केलेला अचूक कापही टिकत नाही. नीट वाळलेले लाकूड हे अचूकतेचेच पहिले साहित्य आहे.

बोटे मोलाची

पाते लाकडातून निघाल्यावरही काही क्षण फिरत राहते. ते थांबेपर्यंत हात जागचा हलवू नये. हात पात्यापासून निदान १५ सेंटिमीटर दूर असावा. लहान तुकडा हाताने धरून कधीही कापू नये, तो लांब पट्टीतूनच तोडावा. वाकडी फळी असेल तर तिची फुगीर बाजू आधाराकडे ठेवावी, अन्यथा पाते लाकडात अडकते. सरकत्या यंत्रात डोके आधी पुढे ओढावे, मग खाली दाबून मागे ढकलत कापावे. पात्यावरचे आच्छादन 'अडचण होते' म्हणून बांधून ठेवण्याची सवय अनेकांची बोटे घेऊन गेली आहे. सैल बाह्या आणि हातमोजे टाळावेत, चष्मा लावावा, कानांनाही संरक्षण द्यावे.

भुसाही निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केला. यंत्राची पिशवी सगळा भुसा पकडत नाही. भुसा ओढणारे यंत्र जोडावे आणि एन-९५ मुखपट्टी वापरावी.

खर्चाचा विचार

वर्षाकाठी दोन-चार तसबिरी करणाऱ्याने हे यंत्र घेण्याची घाई करू नये. तिरक्या खाचा असलेली लाकडी पेटी, बारीक दातांची करवत आणि कापानंतर कड साधायला धारदार रंधा एवढ्यावर उत्तम सांधा जमतो. ज्याचे पोट यावर आहे, त्याने २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. पात्र कारागिराला प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख, दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे.

खरेदीला जाताना पारखलेला गुण्या आणि एक सरळ फळी बरोबर न्यावी. दुकानदाराला यंत्र सुरू करून दाखवायला सांगावे, एक काप घ्यावा आणि तुकडा उलथा करून जुळवून पाहावा. पैसे त्यानंतरच मोजावेत.