शिकवलेला माणूस सोडून गेला तर?

नोकरीच्या मुलाखतीत पगार, सुट्ट्या, व्हिसा हे सगळं तुम्ही विचारता. पण "पुढच्या पाच वर्षांत मला इथे काय शिकायला मिळेल?" हे विचारता का?

आधी कंपनीच्या बाजूने बघूया. शिकवायला पैसा आणि वेळ लागतो. शिकून तयार झालेला माणूस उद्या दुसरीकडे गेला तर? अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ सालच्या 'ह्यूमन कॅपिटल' या पुस्तकात याचा विचार केला. काही कौशल्यं कुठेही चालतात, उदाहरणार्थ वेल्डिंग किंवा प्रोग्रॅमिंग. काही फक्त त्याच कंपनीत उपयोगी पडतात. बेकर यांच्या मते, कुठेही चालणाऱ्या कौशल्याचा खर्च शेवटी शिकणाराच सोसतो, शिकताना कमी पगार घेऊन का होईना.

जर्मनीत मात्र वेगळं दिसतं. तिथे शिकाऊ उमेदवार साधारण दोन ते साडेतीन वर्षं कंपनीत आणि व्यवसाय शाळेत आलटूनपालटून शिकतो, तेही विद्यावेतन घेऊन. शेवटी मिळणारं प्रमाणपत्र देशभर चालतं. तरी कंपन्या खर्च करतात. का? डारोन आसेमोग्लू आणि त्यांचे सहकारी पिश्के यांनी १९९० च्या दशकात एक कारण मांडलं. शिकवणाऱ्या कंपनीला तुमची खरी कुवत जवळून कळते, बाहेरच्यांना नाही. त्यामुळे बाहेर तुम्हाला लगेच पूर्ण भाव मिळत नाही, आणि तुम्ही टिकलात की कंपनीचा खर्च वसूल होतो.

थोडक्यात, दोघांनाही एकत्र राहण्यात फायदा दिसला तरच शिकवणं जमतं. एरवी दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं, सर्टिफिकेट मिळतं, आणि सोमवारी काम जिथल्या तिथे.

अमेरिकेत कंपनीने शिक्षणासाठी दिलेल्या पैशांवर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत तुम्हाला आयकर लागत नाही, अर्थात कंपनीची तशी योजना असेल तर. ती आहे का, हे एचआरला विचारा. पण सही करण्याआधी अटी वाचा. ठरावीक काळाच्या आत नोकरी सोडली तर पैसे परत करा, अशी अट बऱ्याचदा असते. व्हिसाही त्याच कंपनीवर अवलंबून असेल, तर ही दुसरी गाठ बसते.

म्हणून तीन गोष्टी आधीच विचारून घ्या. शिकल्यावर माझं काम बदलेल का? मला शिकवायला अनुभवी माणूस वेळ देणार का? आणि हे कौशल्य इथून बाहेर पडल्यावरही चालेल का? तिन्हींची उत्तरं गोलमोल आली, तर पगाराचा आकडा पुन्हा एकदा नीट बघा. शिकण्याचा खर्च पुढे तुम्हालाच करायचा आहे.