नकाशा संपादनाचे सॉफ्टवेअर : घेण्यापूर्वी 'नमुना सही' पाहा



गेल्या महिन्यात रामबागेतल्या आपल्या एका ज्येष्ठ सभासदांचा फोन आला. ओपनस्ट्रीटमॅपवर गल्लीतल्या जुन्या देवळाचे नाव घालावे म्हणून त्यांनी 'मॅप एडिटर डाउनलोड' असे शोधले आणि सर्वांत वरच्या दुव्यावर क्लिक केले. तो दुवा म्हणजे जाहिरात होती. संपादक मिळाला नाहीच, उलट संगणकावर सारख्या भलत्याच खिडक्या उघडू लागल्या. त्याच संगणकावर ते पेन्शनचे खाते पाहतात, म्हणून हे लिहायला बसलो.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला, कोणालाही भर घालता येईल असा मोफत नकाशा. एखादे नाव घालायचे असेल तर काहीच डाउनलोड करावे लागत नाही. त्यांच्या संकेतस्थळावर खाते उघडा, नकाशा जवळ आणा, 'एडिट' दाबा. ब्राउझरमध्येच 'आयडी' नावाचा संपादक उघडतो. हिंदी-इंग्रजीबरोबर मराठी नावही वेगळे नोंदवता येते. आपल्यापैकी बहुतेकांचे काम एवढ्यात भागते.

वस्तीच्या वस्ती रेखाटायची असेल तर 'जोसम' घ्यावे. तेही मोफत आहे. कोणी पैसे किंवा कार्डाचा नंबर मागितला तर तिथूनच परत फिरा. त्याचा खरा पत्ता जोसम डॉट ओपनस्ट्रीटमॅप डॉट डीई. शेवटचे 'डीई' पाहून बिचकू नका, ते जर्मनीचे आहे. पत्ता शोधयंत्रातून न घेता स्वतः टाइप करावा.

बँकेत चेक आला की आम्ही सही नमुना कार्डाशी ताडून पाहत असू. इथेही तसेच. फाइल चालवताना विंडोज परवानगी मागते, त्या चौकटीत प्रकाशकाचे नाव असते. 'अननोन पब्लिशर' दिसले तर घाईने 'येस' दाबू नका. फाइल कुठून आली ते आधी पाहा. जोसमला जावा लागते, पण विंडोजच्या सध्याच्या इन्स्टॉलरमध्ये ते सोबतच येते. 'आधी आमच्याकडून जावा घ्या' म्हणणारे पान बंद करावे.

पासवर्डचेही तसेच. पूर्वी तो जोसममध्ये भरता येत असे. ती पद्धत ओपनस्ट्रीटमॅपने २०२४ मध्ये बंद केली. आता ब्राउझरमध्ये त्यांचेच पान उघडते, तिथे परवानगी द्यायची. (आणि हो, गुगलच्या नकाशावरून नावे उतरवू नका, परवानगी नाही. गल्लीत जाऊन पाटी वाचा.)

चुकीची फाइल चालवलीच असेल तर आधी इंटरनेट तोडा. नेटबँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, त्याच संगणकावरून नव्हे. मग संगणक जाणकाराला दाखवा. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि लगेच १९३० वर फोन करा. त्यासाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.