मोळी टाकण्यापूर्वी नळ्यांचे सांधे



लोणावळ्याकडून पाऊस उतरला आणि मावळात भातलावणी लागली, की साखर कारखाना स्वस्थ पडून आहे असे पुष्कळांना वाटते. खरे तर त्याच दिवसांत रस तापविणाऱ्या हीटरच्या शेकडो नळ्यांचे सांधे पक्के केले जातात.

नळीचे टोक जाड ट्यूब प्लेटच्या भोकात घालून आतून रोलर फिरवतात. नळी फुगते, प्लेट तिला आवळून धरते. गाडीच्या चाकाला धाव बसविण्यासारखेच हे काम. सैल राहिली तर निसटते, फार आवळली तर चाकच बिघडते. नळी जादा फुगविली तर पातळ होते, शेजारचे सांधेही ढिले पडतात.

सांधा गळला, की नळीतला रस वाफेच्या पाण्यात मिसळतो. तेच पाणी बॉयलरला गेले तर साखरेपासून आम्ल तयार होते आणि बॉयलर धोक्यात येतो. मग गाळप बंद! तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते ते आपलेच.

म्हणून आम्ही सांगतो, मोळी लवकर टाका असा आग्रह धरण्याआधी एवढे जरूर विचारा: पाण्याच्या दाबाची चाचणी झाली का?