टाकीतली हिरवळ पसरते कशी?

सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याला हरळीची ओळख करून द्यावी लागत नाही. पावसाळ्यात बांधावर एक काडी राहिली, तरी ती पेरापेरावर मुळे धरत पुढे सरकते. माशांच्या टाकीतला हिरवा गालिचाही असाच तयार होतो. त्यासाठी लावतात ते ‘हेअरग्रास’ मात्र खरे गवत नाही. ती कृष्णाकाठच्या लव्हाळ्याच्या कुळातली वनस्पती आहे.

तिचे आडवे खोड वाळूखालून सरकते आणि ठिकठिकाणी मुळे सोडून पात्यांची नवी जुडी वर काढते. म्हणून मोठा पुंजका रोवू नये. लहान जुड्या 2-3 सेंटिमीटर अंतरावर लावाव्यात. वाळू बारीक असावी.

मग काही टाक्यांत हिरवळ का धरत नाही? वनस्पतीला अन्न तयार करायला प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड लागतो. हा वायू हवेच्या तुलनेत पाण्यात सुमारे 10,000 पट हळू पसरतो. त्यातच प्रकाश तळापर्यंत पोचेतो मंदावतो. अन्न कमी पडले, की पसरणे थांबते आणि शेवाळ पात्यांवर चढते. यावर उपाय म्हणजे रोज 7-8 तास चांगला दिवा आणि पाण्यात बेताने सोडलेला कार्बन डायऑक्साइड. तो जास्त झाला, तर मासे गुदमरतात.

छाटलेली पाती मात्र नदी-ओढ्यात टाकू नका. दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी शोभेसाठीच जगभर नेली गेली आणि आज ती आपल्या नद्यांवर पसरली आहे. पाती उन्हात वाळवून कुंडीतल्या मातीत मिसळा.