बिअरची निवळ आणि तिच्यात मुरणारा वायू

हातकणंगले तालुक्यातील गुऱ्हाळावर काहिलीतला रस तापू लागला, की गुळव्या रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडांचे बुळबुळीत पाणी तीत ओततो. रसातील सूक्ष्म कण त्या चिकट द्रवात गुंतून मळीच्या रूपाने वर येतात आणि मळी काढताच रस निर्मळ होतो. चिकट द्रव्याच्या आश्रयाने गढूळपणा घालविण्याची हीच विद्या, उष्णतेच्या ठायी शैत्य योजून, बिअर करणारेही वापरतात.

आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून घरी बिअर करण्यास सक्त मनाई आहे. अमेरिकेत मात्र १९७८ साली कायदा पालटून, विक्री न करण्याच्या अटीवर, एका प्रौढास वर्षाकाठी १०० गॅलनपर्यंत मुभा मिळाली, आणि तेथील घरोघरच्या तळघरांत ही कला फोफावली.

आंबवण पुरी झाली तरी यीस्टचे कण आणि सातूतील प्रथिने द्रवात तरंगत राहतात. तो ० ते २ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला असता यीस्ट पुंजक्यापुंजक्यांनी तळाशी बसू लागते. त्यात कोमट पाण्यात विरघळविलेले जिलेटिन घातले, तर त्याचे धनभारित रेणू ऋणभारित यीस्टला ओढून घेतात आणि एकदोन दिवसांत बिअर निवळते. जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून होते, आणि पूर्वापार वापरात असलेले आयसिंग्लास माशांच्या वाताशयांपासून. तेव्हा शाकाहारी माणसाने काही आठवडे केवळ थंडीवर विसंबावे हे उत्तम, आणि माझ्या मते इतरांनीही तेच करावे, कारण सावकाश निवळलेल्या बिअरला कोणत्याही पुरवणीची गरज उरत नाही.

यानंतर गाळ न ढवळता, हवेचा स्पर्श टाळून, ती केग नावाच्या पोलादी पिंपात नळीने उतरवितात. प्राणवायू मिसळला, तर चव शिळी होते. मग कर्बद्विप्राणिद वायूचे नळकांडे जोडावयाचे. हा वायू पाण्यात विरघळविण्याचा प्रयोग जोसेफ प्रीस्टली याने १७६७ च्या सुमारास लीड्स येथे, शेजारच्या बिअरच्या कारखान्यातील आंबणाऱ्या हौदांवर केला होता, हे येथे आवर्जून सांगण्याजोगे आहे. द्रव जितका थंड, तितका वायू त्यात अधिक सामावतो: ४ अंशांवर दर चौरस इंचास १२ पौंडांच्या आसपास दाब पुरतो, तर २० अंशांवर तेवढ्याच वायूसाठी सुमारे २८ पौंड लागतात. थंड पिंप या दाबाखाली आठवडा-दोन आठवडे स्वस्थ ठेवल्यास वायू समप्रमाणात मुरतो. उतावळे लोक दाब वाढवून पिंप हलवितात. त्याने काम एका दिवसात होते खरे, परंतु वायूचे प्रमाण हाताबाहेर जाते आणि बसलेला गाळ पुन्हा उठतो.

पेला भरताना नुसता फेस येऊ लागला, तर दोष बहुधा आखूड नळीचा असतो. दोनतीन मीटर लांबीची अरुंद नळी लावली, की तिच्या अवरोधाने दाब हळूहळू उतरतो. पिंपातील नळी थेट तळापर्यंत गेलेली असल्यामुळे पहिल्या पेल्यात गाळ येणारच. तो ओतून द्यावा आणि दुसऱ्यापासून वाढावयास आरंभ करावा.