काशीच्या शिवारातली अफू

एकोणिसाव्या शतकात बनारस-गाझीपूर पट्ट्यातल्या कोइरी जातीच्या अनेक शेतकऱ्यांचा हिवाळा अफूच्या कामात जाई. सरकारी परवाना आणि उचल घेऊन ते रब्बीत खसखस पेरत. फुलांच्या पाकळ्या गोळा करून मातीच्या तव्यावर त्यांच्या पातळ पोळ्या करत. अफूचे गोळे त्यांतच गुंडाळले जात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी बोंडांना चिरा पाडायच्या आणि रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडायचा, यात सारे घर राबे. माल गाझीपूरच्या कारखान्यात, तिथून कलकत्त्याच्या लिलावात आणि पुढे चीनला जाई. १८५७च्या कायद्यानुसार सगळा चीक ठरल्या भावाने सरकारलाच द्यावा लागे. खासगी विक्री गुन्हा होता. नफा सरकारचा, शेतकऱ्याची उचल मात्र बहुतेकदा जमिनीचा खंड भरण्यातच संपे.